आम्ही बोलतो खूप, सांगत काहीच नाही

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त १० ऑक्टोबरला आपण काढलेली पुरवणी मी दोनदा वाचली. त्यातल्या एका लेखात असं म्हटलं होतं की कोल्हापूरचा माणूस रोखठोक, मनात काही ठेवत नाही, कट्ट्यावर बसला की सगळं बोलून मोकळा होतो, त्यामुळे त्याला मानसोपचाराची गरज कमी पडते. मन जड झालं तर मित्राजवळ हलकं करावं, असा सल्लाही होता. लेखकाचा हेतू चांगला आहे. पण मी याच गावात साठ वर्षं काढली, त्यातली अडीच वर्षं दर बुधवारी एका मानसोपचार करणाऱ्या मॅडमसमोर बसून काढली, आणि मला जे दिसलं ते याच्या उलट आहे. आम्ही बोलतो खूप. गंगावेशीत दूध पिताना, तालमीच्या पायरीवर, मिसळीच्या टेबलावर आमचा आवाज चार दुकानं पलीकडं जातो. सांगत मात्र काहीच नाही. हे पत्र लांबणार आहे, जागेनुसार काटछाट करावी, पण मधला भाग काढू नये ही विनंती.

मी पॅटर्नमेकर आहे. शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं शॉप आहे. ओतकामाआधी ज्या नमुन्यावर वाळूचा साचा उठवतात तो नमुना आम्ही बनवतो, पूर्वी सागवानाचा, आता जास्त करून ॲल्युमिनियमचा. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, फाउंड्रीत मोल्डर होते. मुलगा डिझाइनचं शिकला. तीन पिढ्या एकाच धंद्याच्या आसपास.

जुलै २०२२ मध्ये चहाच्या गाड्यावर एका ओळखीच्या माणसानं सहज विचारलं, ‘पोरगं काय करतंय सध्या?’ मी म्हटलं, गोकुळ शिरगावला कामाला आहे की. तो गप्प झाला. त्याच्या गप्प होण्यावरून मला कळलं. मुलाची नोकरी सुटून तीन आठवडे झाले होते, आणि तो रोज सकाळी साडेआठला डबा घेऊन, गाडीला किक मारून, घरातून बाहेर पडत होता. त्या संध्याकाळी जिन्यातच मी त्याच्यावर हात उचलला. सव्वीस वर्षांचा मुलगा. त्यानं हात आडवा केला नाही, नुसता उभा राहिला. पत्नी मध्ये पडली म्हणून थांबलो. त्यानंतर आम्ही बापलेक एका घरात सत्तेचाळीस दिवस एकमेकांशी बोललो नाही.

मग झोप गेली. पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि छातीवर कुणी गुडघा ठेवल्यासारखं व्हायचं. ईसीजी झाला, टूडी इको झाला, पट्ट्यावर पळवून बघितलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मेहुणे म्हणाले, एकदा बाहेरचं बघून घ्या. मी एका ठिकाणी गेलो, तिथं ‘तीन बैठकांत मन मोकळं’ अशी पाटी होती आणि तिन्ही बैठकांचे नऊ हजार आधीच भरून घेतले. पहिल्याच दिवशी, दहा-बारा मिनिटं ऐकल्यावर, त्या गृहस्थांनी निकाल दिला की तुमचा खरा राग वडिलांवर आहे. समोर उशी ठेवली आणि म्हणाले, हे वडील समजा आणि मारा. मी मारलं. घरी येऊन आबांच्या फोटोकडं बघवेना. दुसऱ्या बैठकीला गेलो नाही.

ही गोष्ट तपशिलानं सांगतोय कारण त्या माणसाचं म्हणणं सपशेल चूक नव्हतं. पण बरोबर गोष्ट चुकीच्या वेळी, अनोळखी माणसानं, दहा मिनिटांत सांगितली की तिचा उपचार होत नाही, घाव होतो. पुढं मला कळलं की खुद्द फ्रॉइडनं, म्हणजे मनात दडलेलं शोधणारं मनोविश्लेषण ज्यानं सुरू केलं त्या डॉक्टरनं, १९१० साली याच प्रकाराविरुद्ध लिहून ठेवलंय. रुग्णाच्या मनात दडलेलं त्याला नुसतं सांगून टाकणं म्हणजे दुष्काळात भुकेल्यांना जेवणातल्या पदार्थांची यादी वाटणं, अशी त्यानं तुलना केली होती. शंभराहून अधिक वर्षं झाली, आपल्याकडं अजून याद्याच वाटल्या जातात, त्याही पैसे घेऊन.

त्यानंतर मी मानसोपचारतज्ज्ञांकडं गेलो, म्हणजे औषधं देणाऱ्या डॉक्टरांकडं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि महिनाभरात झोप जागेवर आली. मानसिक आजाराच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडं फार वाईट बोललं जातं, म्हणून मुद्दाम लिहितो. त्या गोळ्यांनी मला उभं केलं, आणि त्या मी डॉक्टरांना न विचारता एकही दिवस कमी-जास्त केल्या नाहीत. पण तेच डॉक्टर चौथ्या भेटीत म्हणाले, ‘झोपेचं काम झालं. आता त्या रागाचं बघायला पाहिजे. ते काम गोळीचं नाही, आणि दोन-चार भेटींचंही नाही.’ त्यांनीच मॅडमचं नाव दिलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी पहिल्यांदा राजारामपुरीतल्या त्या माडीवर गेलो. गाडी दोन गल्ल्या सोडून लावली, कारण आपल्या गावात कुणीतरी भेटतंच आणि ‘काय, इकडं कुठं?’ विचारतंच. मला वाटलं होतं कोचावर आडवं झोपवतील. तिथं दोन साध्या खुर्च्या होत्या, समोरासमोर न मांडता थोड्या तिरक्या, म्हणजे बघायचं तर बघा नाहीतर खिडकीकडं बघा. पन्नास मिनिटं. दर बुधवारी, त्याच वेळेला. मॅडम वयानं माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘मनात येईल ते बोला, गाळू नका. बिनकामाचं वाटलं, लाज वाटली, तरी बोला.’ हे ऐकायला सोपं आहे. मला सहा महिने जमलं नाही.

काय बोलायचो मी? पिग आयर्नचे, म्हणजे ओतकामाच्या कच्च्या लोखंडाचे दर, जीएसटी, न टिकणारे कामगार. एकदा मी मोठ्या हौसेनं त्यांना ब्लो होलची गोष्ट सांगितली. ओतकाम होताना वायू आत अडकला की लोखंडात पोकळी राहते. वरून काही दिसत नाही, कास्टिंग रंगवून माल जातोही, आणि पलीकडं मशीनवर कापायला घेतलं की आतलं भोक उघडं पडतं. माणसाचंही असंच असतं बघा मॅडम, म्हटलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, ‘फार चांगलं सांगितलंत. पण तुम्ही परत उद्यमनगरात गेलात.’ थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘लोखंडाबद्दल बोलताना तुमचा आवाज मोठा असतो. घराबद्दल बोलता तेव्हा मला पुढं वाकून ऐकावं लागतं.’ चाळीस वर्षं मी लोकांशी बोलतोय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही माहीत नव्हतं.

आता आबांबद्दल. १९७६ ची दिवाळी झाली आणि ते काम करत ती फाउंड्री बंद पडली. मी अकरा वर्षांचा होतो. आबांनी घरात सांगितलं नाही. रोज सकाळी पितळी डबा घेऊन ते वेळेवर निघत, संध्याकाळी वेळेवर येत, आणि जेवताना आईला सांगत, ‘आज भट्टी लई तापली होती.’ एक दिवस मी आणि दोन पोरं शाळा बुडवून रंकाळ्यावर पोहायला गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. शालिनी पॅलेसच्या अंगाला एका झाडाखाली आबा बसले होते, एकटेच, डबा उघडून. अकरालाच खात होते. त्यांनी मला बघितलं नाही. मी पळत सुटलो, पोरांना काहीतरी खोटं सांगितलं. रात्री आबा म्हणाले, आज भट्टी लई तापली होती. मी ताटात बघत बसलो. हे आठ महिने चाललं. पगाराच्या तारखेला कुठून कुठून हातउसने आणून ते आईच्या हातावर ठेवत. पुढच्या पावसाळ्यात त्यांना दुसरीकडं काम लागलं आणि ही गोष्ट कधी निघाली नाही. १९९८ साली ते गेले, तोवर नाही आणि त्यानंतरही नाही.

वाचकांनी आतापर्यंत दोन टोकं जोडली असतील. डबा घेऊन निघणारा बाप, डबा घेऊन निघणारा मुलगा. कागदावर ते दोन परिच्छेदांत जुळतं. मला सात महिने लागले. या दोन्ही गोष्टी मी मॅडमना वेगवेगळ्या बुधवारी सांगितल्या होत्या, आणि मधे बारा-तेरा आठवडे गेले होते. खोलात जाणारा मानसोपचार म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी या सात महिन्यांकडं बोट दाखवेन.

ते कसं जुळलं तेही सांगतो. मे २०२३ मध्ये मॅडम दोन आठवडे रजेवर गेल्या. मी म्हटलं, निवांत जावा. त्या आल्यावर मी लागोपाठ दोन बुधवार बुडवले, कामाचं निमित्त सांगून. तिसऱ्या बुधवारी त्यांनी विचारलं, ‘राग आला होता का?’ मी म्हटलं, छे, तुम्हाला विश्रांती नको का? त्या म्हणाल्या, ‘मला एक वाटतं, चुकत असेन तर सांगा. मला त्रास होईल असं तुम्ही इथं काही बोलतच नाही. तुम्ही मला सांभाळता. ही सांभाळायची सवय कुठली?’ मी उत्तर दिलं नाही, पण आठवडाभर तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. पूर्वीच्या नात्यात जसं वागायला शिकलो तसंच आपण समोरच्या नव्या माणसाशीही नकळत वागत राहतो, याला या शास्त्रात ट्रान्सफरन्स म्हणतात. या उपचारात ते टाळत नाहीत, उलट ते घडताना पकडतात. माझी सवय पुस्तकातून कुणी समजावली असती तर मी मान डोलावली असती. इथं ती त्या दोन खुर्च्यांच्या मधे घडली, त्यामुळे नाकारायला जागा उरली नाही.

पुढच्या बुधवारी बाहेर पाऊस होता. मुलाला मारलं त्या संध्याकाळचं मी परत सांगत होतो. मी ओरडत काय काय बोललो ते आठवून सांगताना म्हणालो, ‘मी त्याला विचारलं, डबा कुठं बसून खात होतास, सांग, कुठं बसून खात होतास!’ मॅडम म्हणाल्या, ‘एवढ्या रागात तुम्हाला नेमकं तेवढंच का विचारावंसं वाटलं?’ मी खिडकीकडं बघत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. मग माझ्या तोंडून आलं, ‘रंकाळ्यावर.’ आणि त्यानंतर घशातून जो आवाज आला तो मला माझा म्हणून ओळखू आला नाही.

सिनेमात दाखवतात तसं मला अचानक काही आठवलं नव्हतं. रंकाळ्याची गोष्ट मी कधीच विसरलो नव्हतो. विसरलो होतो ते एवढंच की ती मला लागली होती. अकरा वर्षांच्या पोरानं त्या दिवशी मनाशी एक नेम केला होता, बोललास तर घर मोडेल. तो नेम मी साठीपर्यंत पाळला, बायकोपाशी, मुलांपाशी, भागीदारापाशी. मला वाटायचं हा माझा स्वभाव. मुलावरचा माझा राग खोटेपणावरचा नव्हता. ज्या आबांना मी एवढं सांभाळलं त्यांच्यावर रागवायची सोय मला कधी मिळाली नव्हती, तो राग मी माझ्या पोरावर काढला. पुढं एकदा मी मॅडमना विचारलं, तुमच्या लक्षात हे कधी आलं होतं? त्या म्हणाल्या, मार्चमध्ये. मग सांगितलं का नाही? ‘मार्चमध्ये तुम्ही हो म्हणाला असता आणि पिग आयर्नवर गेला असता.’

आता पुरवणीतल्या सल्ल्याकडं येतो. मित्राजवळ मन हलकं करावं हे खरंच आहे, मीही करतो. पण मन हलकं करणं आणि मन ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. माझा तालमीतला जिवाभावाचा दोस्त आहे. त्याला मी ही गोष्ट सांगितली असती तर तो म्हणाला असता, ‘सोड की भावा, म्हातारा गेला, त्याचं काय घेऊन बसलायस,’ आणि मला भजी खायला घेऊन गेला असता. त्यात प्रेम आहे. पण मित्राला आपल्याला बरं वाटावं याची घाई असते, आपलं दुःख त्याला बघवत नाही, शिवाय त्याचाही एक आबा असतो. आणि मित्राला मी कालच्यासारखाच हवा असतो. मॅडमना घाई नव्हती. मी कसा असावा याबद्दल त्यांची काही मागणी नव्हती. त्यांनी अडीच वर्षांत मला एकही सल्ला दिला नाही, हे सांगितलं तर घरचे विचारतात, मग पैसे कशाचे घेतले?

दुसरं, हे परदेशी खूळ आहे, आपल्याला ओव्या-अभंग आहेत, असंही ऐकायला मिळतं. मी स्वतः गुरुवारी भजनाला बसतो आणि तिथं जी दोन तासांची शांती मिळते ती मला दुसरीकडं मिळत नाही. पण भजनानं माझा हात थांबला नाही. आणि परदेशी म्हणाल तर, ‘डेप्थ सायकॉलॉजी’, म्हणजे मनाच्या तळाशी दडलेल्याचा अभ्यास, हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांचा हे खरं, पण कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली होती. बोस वर्षानुवर्षं फ्रॉइडशी पत्रव्यवहार करत, त्याच्याशी मतभेदही मांडत. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला या मंडळींनी त्याला हस्तिदंती विष्णूची मूर्ती पाठवली आणि ती त्यानं आपल्या टेबलावर ठेवली. फ्रॉइडचा एकेकाळचा सहकारी कार्ल युंग १९३७ च्या अखेरीस स्वतः भारतात येऊन गेला. तरुणपणी युंग रुग्णाला एकेक शब्द म्हणून दाखवायचा आणि मनात येईल तो दुसरा शब्द लगेच सांगायला लावायचा, हातात स्टॉपवॉच घेऊन. जिथं उत्तराला उशीर होई तिथं काहीतरी दुखतंय हे तो ओळखे. मला हे वाचून मॅडमचं पुढं वाकणं आठवलं.

स्वप्नांबद्दलही गैरसमज फार. मला एक स्वप्न वरचेवर पडायचं, डब्याचं झाकण घट्ट बसलंय आणि मी ते पान्यानं फिरवतोय. पंचांगातल्या कोष्टकासारखा याचा एक ठरलेला अर्थ मॅडम सांगतील असं मला वाटलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, पान्याबद्दल काय काय आठवतं, झाकणाबद्दल काय. आठवणी सांगता सांगता मी कुठल्याकुठं गेलो. अर्थ निघाला तो माझ्याच सामानातून निघाला, आणि तो इथं लिहिण्यासारखा नाही.

हा उपचार सगळ्यांना आणि सगळ्याला लागू पडतो असं माझं म्हणणं नाही. भास होत असतील, जीव द्यावासा वाटत असेल, तर आधी डॉक्टर आणि औषध. रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ज्याला लिफ्टची किंवा पुलाची भीती वाटते त्याला विचार आणि वागणूक बदलवणारे थोड्या बैठकांचे उपचार चांगले उपयोगी पडतात, आणि ते तेवढेच शास्त्रशुद्ध आहेत. पण तेच ते भांडण, तीच ती चूक, तेच नातं पुन्हा पुन्हा मोडणं, असं ज्यांच्या आयुष्यात फिरून फिरून येतं त्यांच्यासाठी ही लांबची वाट आहे. माझ्या मुलीनं मला लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दल वाचून दाखवलं. बाकी उपचारांना दाद न देणाऱ्या जुन्या नैराश्याचे १२९ रुग्ण, त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर दीड वर्ष दर आठवड्याला हा उपचार. संपला तेव्हा दोन्ही गटांत फार मोठा फरक नव्हता. उपचार थांबून दोन वर्षं झाल्यावर पाहिलं तेव्हा या गटातले ४४ टक्के लोक त्या गंभीर नैराश्यातून बाहेर होते, दुसऱ्या गटातले १० टक्के. म्हणजे खुर्चीवरून उठल्यावरही काम आत चालू राहतं. माझा अनुभवही तसाच आहे.

ते क्लिनिक तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतलं आहे, हे मला आकड्यांपेक्षा जास्त लागलं. माझ्या एका बैठकीचे हजार रुपये होत, महिन्याला चार-पाच हजार. माझं शॉप आहे म्हणून जमलं. माझ्याकडच्या हेल्परनं काय करावं? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना सांगितलंय की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्या. मी बिलं पाठवली, तर दवाखान्यात दाखल झाला नाहीत म्हणून परत आली. दाखल व्हावं लागू नये म्हणूनच तर मी दर बुधवारी जात होतो. पूर्वी आमच्या पेठेत कुणाचं डोकं फिरलं म्हणजे ‘रत्नागिरीला टाका’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, एवढंच माहीत असायचं. रत्नागिरी आणि घर यांच्या मधे जी मोठी जागा आहे, जिथं बहुतेक माणसं असतात, तिच्यासाठी या जिल्ह्यात स्वस्तात काय आहे, हा विषय आपल्या वार्ताहरांनी लावून धरावा.

आणखी एक मागणी. ‘तीन बैठकांत’, ‘खात्रीशीर’, ‘शंभर टक्के’ अशा जाहिराती आपल्या अंकात छापू नका. वाचकांना एवढं सांगा की जाण्याआधी तोंडावर विचारावं, तुमचं शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, या प्रकारच्या उपचाराचं शिक्षण कुठं घेतलं, आणि तुमच्या कामावर कुणा जाणत्याची देखरेख आहे का. मी मॅडमना हे विचारलं तेव्हा त्यांना राग आला नाही. त्यांनी कागद दाखवला आणि सांगितलं की त्यांच्या गुरूंपुढं त्या आजही नाव न सांगता केस ठेवतात. ज्याला राग येईल तिथून उठावं.

२०२३ च्या दिवाळीत मी मुलाला आबांची गोष्ट सांगितली. फराळाचं ताट मधे होतं. माफी मागायची तयारी करून बसलो होतो, पण आधी गोष्टच सांगून टाकली. तो बराच वेळ चकलीचे तुकडे करत होता. मग म्हणाला, ‘मी विद्यापीठाच्या आवारात बसायचो, बाबा. पाऊस आला की लायब्ररीच्या पायऱ्यांवर.’ सव्वा वर्षापूर्वी मी ओरडून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलं. आता तो माझ्याच शॉपमध्ये आहे, आमचे वाद होतात, मोठ्यानं होतात, आणि रात्री जेवायला आम्ही एकत्र बसतो.

आईला विचारायला मात्र मला या वर्षीचा मार्च उजाडावा लागला, मॅडमकडचं काम संपत आलं तेव्हा. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दुपारी लसूण सोलत बसली होती. मी जवळ बसलो आणि म्हटलं, आई, आबांची फाउंड्री बंद पडली होती, आठ महिने ते कामावर जात नव्हते, मी त्यांना रंकाळ्यावर बघितलं होतं. तिनं हातातली पाकळी सोलून पुरी केली.

‘मला ठाऊक हुतं,’ ती म्हणाली. ‘धुणं मीच धूत हुते न्हवं. कापडाला काळं लागायचं बंद झालं.’

मोल्डरचे कपडे वाळूनं आणि कोळशाच्या भुकटीनं काळे होतात, कितीही धुतले तरी बादलीभर काळं पाणी निघतं. आठ महिने ते पाणी निघालं नव्हतं. मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, ‘त्यांनी डबा न्यायचा सोडला असता.’

हे पत्र पेपरात देऊ का, असं मी तिला विचारलं. सगळं वाचून दाखवलं, फ्रॉइडसकट. ती म्हणाली, ‘दे. पर ह्यांचं नाव घालू नगंस.’ म्हणून माझंही नाव छापू नये. नाव, पत्ता आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर आपल्याकडं दिला आहे. कुणा वाचकाला मॅडमबद्दल किंवा या उपचाराबद्दल मला काही विचारायचं असेल तर आपण तो नंबर जरूर द्यावा. बुधवारी दुपारी मी मोकळा असतो.

आपला,
एक पॅटर्नमेकर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर